जेट स्कीचे सील आणि पंप : पावसाळ्यात उघडा, हंगामात निर्धास्त राहा

आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी काही घरांचा किनाऱ्यावर जेट स्कीचा व्यवसाय आहे. काहींची मुले त्या व्यवसायात नोकरीला आहेत. आणि बाकीच्या घरांत डिसेंबरमध्ये पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात, त्यांना काहीही झाले तरी जेट स्कीवर बसायचेच असते. म्हणून हा विषय कमी-अधिक प्रमाणात सर्वांच्याच कामाचा आहे, असे समजून लिहीत आहे.

वाणिज्य शाखेचा माणूस यंत्रावर काय लिहिणार, असे कोणी म्हणेल. बँकेत असताना मी अशा वाहनांची कर्जप्रकरणे पाहिली, तारण तपासायला किनाऱ्यावर गेलो. निवृत्तीनंतर पुतण्याच्या दोन जेट स्कींचा जमाखर्च लिहितो आणि पावसाळ्यात त्याचा मेकॅनिक पंप उघडतो तेव्हा शेजारी खुर्ची टाकून बसतो. इतक्या वर्षांत एक गोष्ट वहीत पुन्हा पुन्हा दिसली. दुरुस्तीची सर्वांत मोठी बिले बहुधा सर्वांत लहान भागाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे येतात. हा लहान भाग म्हणजे शाफ्टचे सील.

आधी हिशेब

पावसाळ्यात समुद्रावरील जलक्रीडा बंद असतात. जूनपासून साधारण सप्टेंबरपर्यंतचे चार महिने उत्पन्न शून्य. बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने असतो.

समजा, १२ लाखांचे कर्ज ५ वर्षांसाठी ११ टक्के व्याजाने घेतले. मासिक हप्ता सुमारे २६ हजार रुपये येतो, म्हणजे वर्षाला ३ लाख १३ हजार. हे सगळे हंगामाच्या ८ महिन्यांतच कमवायचे असल्याने हंगामातील प्रत्येक महिन्यावर खरा भार सुमारे ३९ हजारांचा पडतो. दिवसाला १,३०० रुपये. त्यावर पेट्रोल, पगार, विमा आणि परवान्याचे शुल्क वेगळे. नाताळच्या आठवड्यात जेट स्की आठ दिवस बंद राहिली, तर हप्त्यापोटीच १० हजारांहून अधिक रक्कम अंगावर येते. ऐन गर्दीच्या दिवसांतले गेलेले उत्पन्न त्याहून कितीतरी जास्त असते. सीलचा पूर्ण संच बदलण्याचा खर्च या एका मासिक हप्त्यापेक्षा कमी असतो. बाकी लेखाचे सार एवढ्यातच आले.

विम्याबाबत एक गैरसमज आहे, तोही येथेच सांगतो. विमा अपघातासाठी असतो. नेहमीच्या वापराने होणारी झीज विमा पॉलिसीत सहसा वगळलेली असते. सील झिजले, पाणी आत आले आणि इंजिन गेले, तर दावा मंजूर होईलच असे धरून चालू नये. आपल्या पॉलिसीतले ते कलम एकदा शांतपणे वाचावे.

पंप चालतो कसा

जेट स्कीला बाहेर पंखा नसतो. तळाला जाळीचे एक तोंड असते, तेथून पाणी आत ओढले जाते. इंजिनला जोडलेला लांब शाफ्ट बोटीच्या अंगातून मागे पंपात जातो आणि तेथील इम्पेलर फिरवतो. इम्पेलर म्हणजे पात्यांचे चाक. त्याच्याभोवती अगदी जवळ एक गोल कडे असते, त्याला वेअर रिंग म्हणतात. इम्पेलरने ढकललेले पाणी मागच्या अरुंद तोंडातून जोराने बाहेर पडते आणि जेट स्की पुढे जाते. हँडल वळवले की हेच मागचे तोंड डावी-उजवीकडे फिरते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. जेट स्कीला सुकाणू नाही. पाण्याचा झोत हेच तिचे सुकाणू. रेस पूर्ण सोडली की झोत थांबतो आणि हँडल वळवले तरी जेट स्की सरळच जात राहते. पंप कमजोर झाला की वेग तर जातोच, पण ऐन वेळी वळण्याची ताकदही कमी होते. बागा किंवा कळंगुटच्या गर्दीत याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको. पंपाची देखभाल हा खर्चाचा प्रश्न आहे त्याहून अधिक सुरक्षिततेचा आहे.

इम्पेलरची पाती आणि कडे यांच्यातील फट नव्या पंपात मिलिमीटरच्या काही दशांश भागाइतकीच असते. वाळूने घासून ती वाढली की ढकललेले पाणी त्या फटीतून उलटे सरकते. इंजिन ओरडते, पेट्रोल जळते, जेट स्की मात्र जोर धरत नाही.

सील कशाला लागते

शाफ्ट इंजिनकडून पंपाकडे जातो, म्हणजे बोटीच्या अंगाला तेथे भोक आहे आणि ते पाण्याच्या पातळीखाली आहे. फिरणारा शाफ्ट त्यातून जाऊ द्यायचा आणि पाणी आत येऊ द्यायचे नाही, एवढेच सीलचे काम. त्याचे मुख्य दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार कार्बन रिंगचा. सी-डू या कंपनीच्या जेट स्कीत तो दिसतो. भोकावर रबराचा एक घड्यांचा नळा बसवलेला असतो, आपल्या पेटीच्या भात्यासारखा. त्याच्या टोकाला काळी कार्बनची रिंग असते. शाफ्टवर स्टीलची रिंग असते, ती शाफ्टबरोबर फिरते. दाबून बसवलेला भाता कार्बनला स्टीलवर टेकवून ठेवतो. दोन गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांवर घासत राहतात आणि पाणी अडते. त्यांना थंड ठेवण्याचे काम भात्यातले पाणीच करते.

हे अवघड वाटत असेल तर घरच्या पाण्याच्या पंपाकडे पाहा. त्यातील मेकॅनिकल सील याच तत्त्वाचे असते. कार्बनची एक चकती, सिरॅमिकची दुसरी आणि मागे स्प्रिंग. विहीर आटली असताना पंप कोरडा चालवला की सील जळते आणि पंपाखाली पाणी ठिबकू लागते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कार्बन रिंगलाही कोरडे चालणे असेच मानवत नाही.

दुसरा प्रकार ऑईल सीलचा. यामाहाच्या वेव्हरनरमध्ये शाफ्ट मधल्या बेअरिंगच्या घरातून जातो. त्या घरात बेअरिंग, रबरी ओठांची सीले आणि ग्रीस असते. रबराचा पातळ ओठ बारीक स्प्रिंगच्या दाबाने शाफ्टला बिलगून राहतो. ओठ फाटला किंवा कडक झाला की खारे पाणी बेअरिंगपर्यंत पोहोचते. बेअरिंग गंजते, घरघरते, शाफ्ट हलू लागतो आणि उरलेली सीलेही जातात. एक ओठ फाटल्यावर बाकीचे सगळे ओळीने येते.

याशिवाय पंपाच्या आत इम्पेलरच्या शाफ्टला स्वतःची बेअरिंगे आणि सीले असतात. काही मॉडेलांत तेथे ऑईल असते, काहींत ग्रीस. पंप जेथे बोटीला जोडला जातो तेथील पट्टी किंवा सिलिकॉनही हवाबंद असावे लागते. तेथून हवा शिरली तरी पंप पाणी सोडून हवा घुसळतो.

सीलचे शत्रू

पहिला शत्रू वाळू. ग्राहक चढायला सोपे पडावे म्हणून जेट स्की पोटरीएवढ्या पाण्यात आणतात आणि तेथेच सुरू करतात. तळाची जाळी वाळूपासून वीतभर उंच असते, त्यामुळे वाळूमिश्रित पाणी पंपात जाते. इम्पेलर, कडे आणि सीलचे ओठ यांवर ते पॉलिश कागदासारखे घासते. मॉडेलनुसार किमान ६० ते ९० सेंटीमीटर खोल पाण्यातच इंजिन सुरू करावे, असे कंपन्यांच्या पुस्तिकांत दिलेले असते. म्हणजे कमरेएवढे पाणी. तिथपर्यंत जेट स्की हाताने ढकलत न्यावी. दिवसातून वीस वेळा हे करणे कंटाळवाणे असते, हे मान्य. पण पंपाचे आयुष्य वाढवणारा याहून स्वस्त उपाय नाही.

दुसरा मीठ. संध्याकाळी धुतले नाही तर खारे पाणी सुकून सांध्यांत स्फटिक होतात. ते रबराचे ओठ खरवडतात आणि बेअरिंगला गंज देतात.

तिसरा कोरडे चालवणे. इंजिन तपासायला ट्रॉलीवर उभी जेट स्की सुरू करून रेस दिली, की कार्बन रिंगला पाणी नसते. सी-डूच्या पुस्तिकांत जमिनीवर इंजिन २ मिनिटांपेक्षा जास्त चालवू नये असे बजावलेले आहे. बागेच्या नळीने इंजिनला पाणी दिले तरी ते कार्बन रिंगपर्यंत जात नाही, ही गोष्ट अनेकांना माहीत नसते.

चौथा आपल्याकडे विशेष आहे. तंगूस, जाळ्यांचे तुकडे आणि प्लास्टिकच्या पिशव्या. तंगूस शाफ्टवर गुंडाळत जाते आणि सीलचा ओठ सुरीसारखा कापते. रापणीच्या जागेजवळून आणि मासेमारीच्या होड्यांमधून जेट स्की नेऊ नये, याला हे आणखी एक कारण.

लक्षणे ओळखा

सील एका दिवसात जात नाही. ते आधी सांगते, पाहणारा हवा.

सीटखालच्या भागात, शाफ्टच्या आजूबाजूला काळी भुकटी दिसली तर कार्बन रिंग झिजत आहे. दिवसाअखेर आत नेहमीपेक्षा जास्त पाणी साचले, किंवा आतले पाणी काढणारा छोटा पंप सतत चालू राहिला, तर पाणी कोठून येते ते शोधावे. मात्र मागचे ड्रेन प्लग नीट घट्ट होते का, हे सर्वांत आधी पाहावे. पुष्कळदा दोष सीलचा नसून सैल प्लगचाच असतो.

जेट स्की उभी असताना खराब सीलमधून पाणी आत येते. पळताना उलटे होते. पंपाच्या तोंडाशी ओढ निर्माण झाल्याने त्याच सीलमधून हवा बाहेर खेचली जाते आणि पंपात शिरते. त्यामुळे वेगात असताना इंजिनचे फेरे एकदम वाढतात आणि वेग मात्र पडतो, स्कूटरचा क्लच घसरावा तसा. उभ्या अवस्थेतून निघतानाच जोर येत नसेल, तर आधी जाळीत काही अडकले आहे का ते पाहावे. तेथे काही नसेल तर झिजलेले कडे किंवा वाकलेले पाते यांवर संशय घ्यावा.

इंजिन बंद असताना शाफ्ट हाताने फिरवून घरघर जाणवली तर बेअरिंग. नवीनच कंप जाणवू लागला तर इम्पेलर, शाफ्टची सरळ रेषा आणि इंजिनखालची रबरी माउंटिंगे तपासावीत. शाफ्ट रेषेत नसेल तर नवे सीलही महिनाभरात जाते. पंपातले ऑईल काढल्यावर दुधासारखे पांढरे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे.

पावसाळ्यातले काम

काम सुरू करण्यापूर्वी मनगटाच्या दोरीची किल्ली काढून ठेवावी आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी. जाळीत किंवा पंपात हात घालण्याआधी हे झालेच पाहिजे, घाई कितीही असो.

पंप सोडवून बाहेर काढला की सर्वप्रथम गोड्या पाण्याने धुवावा. फिलर गेजने इम्पेलरची पाती आणि कडे यांच्यातील फट चारही बाजूंनी मोजावी. मर्यादा मॉडेलनुसार सुमारे अर्धा ते एक मिलिमीटर असते. नेमका आकडा त्या जेट स्कीच्या पुस्तिकेतून घ्यावा. पात्यांच्या कडा दगड लागून वाकल्या असतील तर इम्पेलर दुरुस्तीला पाठवावा. हातोडी मारून सरळ केलेल्या पात्याचा तोल राहत नाही आणि त्याचा धक्का पुन्हा बेअरिंग व सीललाच बसतो.

शाफ्टवर सील जेथे टेकते ती जागा नखाने चाचपावी. नख अडकण्याइतकी खाच पडली असेल, तर तेथे नवे सील घालणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे. खाचेतून पाणी येतच राहते. शाफ्ट बदलावा लागतो.

नवे सील बसवताना त्याची दिशा कशी होती हे जुने काढण्यापूर्वीच फोटो काढून ठेवावे. एका घरात दोन-तीन सीले असतात आणि सगळ्यांची तोंडे एकाच बाजूला असतीलच असे नाही. ओठाला पाण्यात टिकणारे मरीन ग्रीस लावावे. सील सगळीकडून सारख्या दाबाने आत सरकवावे, एका बाजूने ठोकू नये. शाफ्टच्या टोकाला दातेरी खाचा असतात. त्यावर पातळ टेप गुंडाळून मगच शाफ्ट आत घालावा, नाहीतर नवे सील बसवता बसवताच कापले जाते.

कार्बन रिंगच्या प्रकारात भात्याच्या घड्या उलगडून आत तडे आहेत का पाहावे, क्लॅम्प गंजले असतील तर बदलावेत, आणि स्टीलच्या रिंगमधील ओ-रिंग नव्या घालाव्यात. कार्बनच्या घासणाऱ्या पृष्ठभागाला तेलकट हात लावू नये. ग्रीसचे निपल असलेल्या मॉडेलांत ग्रीस मोजून भरावे. ग्रीसगनने जोर लावून भरत राहिले तर दाबाने सीलच बाहेर सरकते.

सगळे जोडल्यावर पहिली चाचणी समुद्रात घेऊ नये. मांडवी किंवा शापोराच्या शांत पाण्यात, धक्क्याला बांधून जेट स्की दहा मिनिटे सोडावी. सीट उघडून टॉर्चने शाफ्टकडे पाहावे. सील कोरडे राहिले, मग इंजिन सुरू करावे.

हंगामातले रोजचे काम

संध्याकाळी गोड्या पाण्याने इंजिन धुण्याचा क्रम लक्षात ठेवावा. नळी जोडायची, आधी इंजिन सुरू करायचे, लगेच पाणी सोडायचे. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. क्रम उलटा झाला तर पाणी एक्झॉस्टमधून इंजिनात जाऊ शकते. किती मिनिटे धुवायचे ते पुस्तिकेप्रमाणे.

नळीचे हे पाणी इंजिन आणि एक्झॉस्टमधून जाते. पंप, जाळी आणि शाफ्ट बाहेरून वेगळे धुवावे लागतात. त्यासाठी साधी नळी पुरे. गाड्या धुण्याचा जोरदार दाबाचा फवारा सीलवर मारला तर वाळू ओठाखाली ढकलली जाते. सकाळी सीट उघडून आत साचलेली पेट्रोलची वाफ जाऊ द्यावी, आणि तेवढ्या वेळात शाफ्टवर एक नजर टाकावी.

पुस्तिकेत सर्व्हिसची मुदत बहुधा १०० तास किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, अशी असते. घरगुती वापरात १०० तास व्हायला दोन वर्षे लागतील. भाड्याच्या जेट स्कीचे गणित वेगळे आहे. दिवसाला ४ तास धरले तर २५ दिवसांत १०० तास भरतात. म्हणजे नोव्हेंबर ते मे या काळात पंपाकडे सात-आठ वेळा पाहावे लागेल. वर्षातून एकदा सर्व्हिस पुरे, असे म्हणणारा मालक पुस्तिकेतील अर्धेच वाक्य वाचतो.

भाड्याने बसणाऱ्या घरच्या मंडळींसाठी

मुले-पाहुणे बसणार असतील तर चार गोष्टी पाहाव्यात. लाइफ जॅकेट अंगाला नीट बसते का. चालकाच्या मनगटाला किल्लीची दोरी बांधली आहे का. उभी असताना जेट स्की मागून नेहमीपेक्षा खोल बसलेली तर नाही ना, कारण ते आत पाणी असल्याचे चिन्ह आहे. आणि मोकळे केस, ओढणी किंवा सैल दोऱ्या घेऊन जाळीच्या जवळ कोणी जाऊ नये. स्वतः चालवणाऱ्याने हे पक्के ध्यानात घ्यावे की अडथळा समोर आला की घाबरून रेस पूर्ण सोडली तर जेट स्की वळत नाही.

वही ठेवा

जमाखर्चाची रोजकीर्द आपण ठेवतोच. तशीच प्रत्येक जेट स्कीची एक वही ठेवावी. तारीख, तासमापकाचा आकडा, केलेले काम, बदललेला भाग, बिलाचा क्रमांक आणि आत किती पाणी साचले होते, एवढे रकाने पुरतात. पाण्याचा रकाना रोज भरला तर सील केव्हा थकू लागले ते त्या आकड्यांतच दिसते. विम्याचा दावा करताना किंवा जेट स्की विकताना ही वही उपयोगी पडते. नवे कर्ज मागायला येणाऱ्याने अशी वही टेबलावर ठेवली, तर समोरच्या अधिकाऱ्याचे मत निम्मे तेथेच तयार होते, हे मी खुर्चीच्या त्या बाजूने सांगतो.

सुटे भाग बहुतेक बाहेरून येतात आणि यायला काही आठवडे लागू शकतात. म्हणून पंप जूनमध्ये उघडावा, लागणाऱ्या भागांची मागणी त्याच महिन्यात नोंदवावी आणि जोडणी चवथीपूर्वी उरकावी. चवथीला मेकॅनिक आपापल्या गावी जातात आणि त्यानंतर सगळ्यांच्याच जेट स्की एकदम त्यांच्या दारात येतात.

वहीच्या पानाचा नमुना मी तयार केला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी मंडळाच्या कार्यालयात नाव द्यावे, प्रत मिळेल.